विजेची मोटार : जुने मॉडेल घेताना भाव कशावरून करावा?

विजेवर चालणाऱ्या मोटारी आता वापरलेल्या गाड्यांच्या बाजारातही विकावयास येऊ लागल्या आहेत. कर्जाच्या हप्त्यांत न अडकता रोखीने गाडी घेऊ पाहणाऱ्या व्यापारी व कारागीर बांधवांना त्यांचा मोह पडणे साहजिक आहे. पेट्रोलच्या जुन्या गाडीचा भाव कसा करावा हे आपल्या लोकांना शिकवावे लागत नाही. विजेच्या गाडीला मात्र तो हिशेब जसाच्या तसा लावता येत नाही. म्हणून आम्ही येथे एकच गाडी घेऊन बोलणार आहोत, ती म्हणजे टाटांची नेक्सॉन. पुण्याजवळच्या रांजणगावात तिचे उत्पादन सुरू झाले आणि पहिली काही वर्षे देशात विजेची मोटार म्हटली की बहुतेकांच्या नजरेसमोर तीच येत असे. साहजिकच जुन्या बाजारातही तीच अधिक दिसते.

जानेवारी 2020 मध्ये ही गाडी बाजारात आली तेव्हा तिची बॅटरी 30.2 किलोवॅट-तासांची होती. हा शब्द अवघड वाटला तरी आपल्या वीजबिलातले युनिट ते हेच. म्हणजे बॅटरीत सुमारे 30 युनिट वीज मावते असे समजावे. एका चार्जिंगमध्ये 312 किलोमीटर असा कंपनीचा दावा होता आणि शोरूमचा भाव 13.99 लाखांपासून होता. मे 2022 मध्ये 40.5 युनिटची मॅक्स आली, 437 किलोमीटरच्या दाव्यासह, 17.74 लाखांपासून. सप्टेंबर 2023 मध्ये गाडीचे रूप व मोटर दोन्ही बदलले. सप्टेंबर 2024 मध्ये 45 युनिटची गाडी आली, दावा 489 किलोमीटरचा, आणि भाव? पुन्हा 13.99 लाखांपासूनच.

साऱ्या व्यवहाराची मेख येथेच आहे. साडेचारहून अधिक वर्षांनंतर जवळजवळ दीडपट बॅटरी जुन्याच भावात मिळू लागली. त्याआधी फेब्रुवारी 2024 मध्ये बॅटरीचे सेल स्वस्त झाल्याचे कारण देऊन कंपनीने मोठ्या बॅटरीच्या गाडीचा भाव एकदम 1.20 लाखापर्यंत उतरविला होता. ज्याने जानेवारीत गाडी घेतली त्याची अवस्था, भर हंगामात माल भरून ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी भाव पडावा, अशी झाली. तेव्हा विकणारा जेव्हा म्हणतो, "मी सोळा लाखांना घेतली होती, तुम्हाला निम्म्यात देतो," तेव्हा त्या सोळा लाखांकडे लक्षच देऊ नये. त्याने काय मोजले हा त्याचा प्रश्न. आजच्या नव्या गाडीचा भाव किती, ती एका चार्जिंगमध्ये किती धावते आणि ही जुनी किती धावते, एवढ्यावरून बोली करावी.

धावण्याचा आकडा कागदावरचा धरू नये. मार्च 2021 मध्ये दिल्ली सरकारने याच गाडीचे अनुदान थांबविले होते, कारण 312 चा दावा असूनही गाडी 200 सुद्धा गाठत नाही अशी एका ग्राहकाची तक्रार होती. पुढे दिल्ली उच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली. परंतु चाचणीतले किलोमीटर आणि रस्त्यावरचे किलोमीटर वेगळे, हे त्यातून सर्वांना कळले. नव्या 45 युनिटच्या गाडीबाबत तर कंपनी स्वतःच 489 बरोबर साडेतीनशेच्या आसपासचा आकडाही सांगू लागली. हे बरे झाले.

आता आपल्या कामाकडे पाहू. भिवंडीच्या व्यापाऱ्याला मुंबईच्या कापड बाजारात जाऊन यावयाचे तर फेरी शंभर किलोमीटरच्या आत-बाहेर होते. त्याला 2020 ची गाडीही पुरते आणि नव्यासाठी जादा पैसे घालण्याचे कारण नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. मालेगावहून नाशिकला जाऊन येणाऱ्याची गोष्ट वेगळी. दोन्ही वेळचे मिळून दोनशेच्या वर अंतर, त्यात उन्हाळ्यात एसी. जुन्या गाडीला नाशिकात जलद चार्जिंगवर तास-पाऊण तास थांबावे लागेल. अशांनी निदान 40.5 ची गाडी पाहावी.

चार्जिंगबाबत मात्र जुन्या गाडीचा एक गुण सांगितला पाहिजे. साध्या 15 अँपिअरच्या प्लगवर तिची लहान बॅटरी रात्रभरात भरते. तोच प्लग 45 युनिटच्या बॅटरीला लावला तर रात्र पुरत नाही. त्यासाठी 7.2 किलोवॅटचा वेगळा चार्जर आणि मीटरचा मंजूर भार वाढविणे आले. ज्यांचे घर गल्लीत आणि गाडी दुसऱ्याच्या ओट्यासमोर उभी राहते, त्यांनी आधी प्लग कोठे लावणार हे ठरवावे, मग मॉडेल.

नव्याच्या बाजूने दोन गोष्टी मोठ्या आहेत. 2020 च्या गाडीत एअरबॅग दोन, सप्टेंबर 2023 च्या बदललेल्या रूपापासूनच्या प्रत्येक गाडीत सहा. बायका-मुलांना घेऊन लांबचा प्रवास करणाऱ्याने हा फरक पैशांत मोजू नये. दुसरी गोष्ट कारागिरांच्या उपयोगाची. 2023 नंतरच्या काही वरच्या प्रकारांत गाडीतून बाहेर वीज घेता येते. ड्रिल, कटर, शिलाई मशीन त्यावर चालते. वीज नसलेल्या जागी फिटिंगचे काम करणाऱ्याला याचे मोल कळेल.

बॅटरीची हमी मूळची 8 वर्षे किंवा 1,60,000 किलोमीटर, जे आधी संपेल ते. म्हणजे 2020 ची गाडी आज घेणाऱ्याच्या हाती फार थोडी मुदत उरते. 2025 मध्ये 45 युनिटच्या गाडीला 15 वर्षांची 'आजीवन' हमी जाहीर झाली, पण ती पहिल्या खासगी मालकासाठी. दुसऱ्या हाताने घेणाऱ्याने तिच्या नावावर जादा पैसे देऊ नयेत.

घेण्यापूर्वी सर्व्हिस सेंटरकडून बॅटरीच्या प्रकृतीचा अहवाल लेखी मागावा. शिवाय स्वतः तपासावे. गाडी आदल्या रात्री साध्या चार्जरवर पूर्ण भरून घ्यावी, कारण या जातीच्या बॅटरीत टक्क्यांचा काटा अधूनमधून चुकीचा दाखवतो आणि सावकाश पूर्ण भरल्यावर ताळ्यावर येतो. मग नेहमीच्या रस्त्याने 50 किलोमीटर चालवावी. 25 टक्के गेले तर गाडी 200 ची, 35 टक्के गेले तर दीडशेच्याही आतली.

करांचेही थोडे. खासगी मालकाकडून घेतली तर जीएसटी नाही. गाड्यांचा व्यापार करणाऱ्याकडून घेतली तर 2025 पासून त्याच्या नफ्यावर 18 टक्के लागतो आणि तो भावात मिसळलेला असतो. दुकानाच्या नावावर नवी घेऊन 5 टक्के जीएसटी परत मिळेल ही समजूत सर्वसाधारण दुकानदाराच्या बाबतीत चुकीची आहे. विम्याकडे तर कोणी पाहतच नाही. 1 जून 2022 पासून लागू झालेल्या दरांत 65 किलोवॅटहून अधिक शक्तीच्या विजेच्या खासगी गाडीचा तृतीय पक्ष विमा वर्षाला 6,712 रुपये ठरला, आणि ही गाडी, जुनी असो वा नवी, त्याच गटात बसते. पेट्रोलच्या नेक्सॉनसाठी त्याच तक्त्यात 3,416 रुपये आहेत.