झाकलेले लेबल, उघडा पडणारा ‘प्रूफ’

अमेरिकेतील केंटकी राज्यात तयार होणाऱ्या बर्बन व्हिस्कीच्या काही बाटल्यांवर ‘बॅरल प्रूफ’ असे शब्द छापलेले असतात. पिंपातून काढलेले मद्य जवळपास पाणी न मिसळता बाटलीत भरले आहे, असा त्याचा अर्थ. त्यातच मद्य बारा-पंधरा वर्षे मुरलेले असेल, तर शौकिनांच्या लेखी त्या बाटलीचे मोल अनेक पटींनी वाढते. हे मोल चवीचे किती आणि नावाचे किती, याचा निवाडा करण्यासाठी ‘ब्लाइंड टेस्टिंग’चा, म्हणजे ओळख लपवून चव घेण्याचा मार्ग अवलंबला जातो. मात्र इतक्या तीव्र मद्याच्या बाबतीत केवळ लेबल झाकून भागत नाही.

अमेरिकी पद्धतीत प्रूफ म्हणजे मद्यार्काच्या टक्केवारीची दुप्पट. १३० प्रूफ म्हणजे ६५ टक्के. (भारतीय बाटल्यांवर ४२.८ टक्क्यांसोबत दिसणारे ७५ अंश प्रूफ हे जुन्या ब्रिटिश मोजणीचे. दोहोंची गल्लत करू नये.) कायद्यानुसार बर्बनच्या धान्यात किमान ५१ टक्के मका लागतो आणि ते आतून जाळलेल्या नव्या ओक लाकडाच्या पिंपात, कमाल १२५ प्रूफलाच भरावे लागते. तरीही ‘एलायजा क्रेग बॅरल प्रूफ’च्या अनेक खेपा १२५च्या वर गेलेल्या आहेत. केंटकीतील गोदामांचे वरचे मजले उन्हाळ्यात तापतात, तेथे पिंपातून मद्यार्कापेक्षा पाणी अधिक वेगाने उडते आणि उरलेले मद्य तीव्र होत जाते. स्कॉटलंडच्या थंड, दमट हवेत सहसा याच्या उलट घडते.

पिंप नवे असल्याने लाकडाचा अंशही झपाट्याने उतरतो. प्रारंभी व्हॅनिला, जळक्या साखरेचा गोडवा. पुढे टॅनिनचा तुरटपणा. त्यामुळे अधिक वर्षे म्हणजे अधिक चांगले, हे गणित बर्बनला लागू पडतेच असे नाही.

आता चाखण्याकडे वळू. मिरचीतील तिखट द्रव्य तोंडातील ज्या ग्राहींना चेतवते, त्यांनाच मद्यार्कही चेतवतो. साहजिकच ९० प्रूफशेजारी १३० प्रूफचा प्याला ठेवला, तर तो कोणता हे पहिल्याच घोटाला कळते. लेबल झाकलेले, पण ओळख उघड! मग तो दाह हाच मद्याचा ‘दम’ मानून गुण दिले जातात. गडद रंगही असाच चुगली करतो. फ्रान्समधील बोर्दो येथील संशोधकांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात पांढऱ्या वाइनमध्ये गंधहीन लाल रंग मिसळला होता. वाइनचे शिक्षण घेणाऱ्या ५४ जणांनी तिचे वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केले. जाणकारीचा तोरा मिरवणाऱ्यांनी हा प्रयोग विसरू नये.

म्हणून चाचणी दोन फेऱ्यांत घ्यावी. प्याले एकसारखे आणि शक्यतो निळ्या वा काळ्या काचेचे असावेत. ओतणाऱ्याने फक्त क्रमांक टाकून बाजूला व्हावे, कारण त्याचा चेहराही बोलतो. प्रत्येकी १५ मिलिलीटर पुरेसे. प्याले दहा मिनिटे तसेच ठेवावेत, वास घेताना तोंड किंचित उघडे ठेवावे. तीव्र मद्य आधी घेतल्यास जीभ बधिर होते. म्हणून प्रत्येकाला क्रम वेगळा द्यावा. घोट थुंकून टाकण्यात कमीपणा नाही, उलट तेच शहाणपणाचे.

पहिल्या फेरीत मद्य आहे तसेच चाखावे. दुसऱ्या फेरीत सर्व नमुने समान तीव्रतेवर आणावेत. ६५ टक्क्यांच्या १५ मिलिलीटरमध्ये सुमारे साडेचार मिलिलीटर पाणी घातले की ते ५० टक्क्यांवर येते. पाणी घालणे म्हणजे मद्याचा अपमान, ही समजूत निराधार आहे. स्वीडनमधील लिनेयस विद्यापीठातील ब्यॉर्न कार्लसन आणि रान फ्रीडमन यांनी २०१७ मध्ये संगणकीय प्रतिकृतींद्वारे दाखवले, की ग्वायाकॉल हे व्हिस्कीला धुरकट गंध देणारे द्रव्य मद्यार्क ४५ टक्क्यांपर्यंत असताना पृष्ठभागाजवळ राहते. ५९ टक्क्यांपुढे मात्र ते मद्यार्काच्या रेणूंनी वेढले जाते.

महागडी बाटली पहिल्या फेरीत जिंकली आणि दुसरीत मागे पडली, तर गुण तीव्रतेला मिळाले होते, वयाला नव्हे. निकालाची खात्री करण्यासाठी समान तीव्रतेचे तीन प्याले ठेवावेत, दोन एकाच बाटलीतील आणि एक वेगळा. वेगळा प्याला निव्वळ अंदाजाने सापडण्याची शक्यता तिनांत एक असते. सलग तीनदा सापडण्याची मात्र सत्तावीसांत एक. या अवधीत आपापसांत चर्चा टाळावी आणि सर्वांची टिपणे लिहून झाल्यावरच क्रमांकांची यादी उघडावी.