जुन्या भिंतीला सिमेंट: घातक उपाय

गैरसमज: ओल आलेल्या जुन्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केला की ती पक्की होते.

पावसाळा सरला की हा सल्ला ठरलेला. गवंडी देतो, शेजारी देतो, शिकलेसवरलेले घरमालकही देतात. किती वेळा सांगायचे? याने ओल जात नाही, भिंतीत कोंडली जाते.

वस्तुस्थिती: शनिवारवाड्याचा पाया १७३० साली घातला गेला, पोर्टलँड सिमेंटचे पेटंट १८२४चे. म्हणजे जुने वाडे सिमेंटच्या आधीचे, त्यांची घडणच वेगळी. खाली काळ्या दगडाचे जोते, वर विटांची किंवा पांढऱ्या मातीची भिंत, सांध्यांत चुना नाहीतर माती. जोत्यात ओल अडवणारा थर नसतो, त्यामुळे जमिनीतले पाणी भिंतीत चढतेच. चुन्यामातीच्या पृष्ठभागातून ते वाफ होऊन निघून जाते. सिमेंटचा घट्ट थर नेमकी ही वाट बुजवतो. पाणी मग आणखी वर चढते, लोणा फुटतो, आतली माती भुसभुशीत होते आणि एक दिवस गिलावा विटेचे तोंड घेऊनच सुटतो. दोष मात्र जुन्या भिंतीला!

जुन्या बांधकामाबद्दल असे आणखीही गैरसमज आहेत. ‘चुना कच्चा’ हेही खोटे. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून चुना हळूहळू पुन्हा चुनखडीसारखा कठीण होतो.

‘गूळ घातल्यानेच जुन्या भिंती टिकल्या.’ गूळ, हिरडा ही जोड. बांधून ठेवतो तो चुना.

‘जांभा मऊ, म्हणून कमकुवत.’ खाणीतून काढताना तो मऊ असतो, हवा लागली की कठीण होतो.

‘दगडमातीचे घर भूकंपात पडणारच.’ ३० सप्टेंबर १९९३च्या किल्लारीच्या भूकंपात घरे पडली ती छतावरच्या मातीच्या जड थरामुळे आणि भिंतीचे दोन पदर आरपार दगडांनी बांधलेले नसल्यामुळे. भारतीय मानक आयएस १३८२८ अशा बांधकामात दर ६० सेंटिमीटर उंचीला आरपार दगड घालायला सांगते, आडवे अंतर १.२ मीटरपेक्षा जास्त नको.

आता पुन्हा ओलीकडे. ती दिसली की आधी पाणी कुठून येते ते शोधा: फुटकी कौले, गळकी पन्हळ, जोत्यालगत साचणारे पाणी. ते थांबवा, भिंत वाळू द्या, मग चुन्याचाच गिलावा करा. सिमेंटची गोणी नव्या बांधकामासाठी राहू द्या.