आकाशातला झोत कोणाच्या वाट्याला?

डिलाईल रोडवर, म्हणजे कागदोपत्री ना. म. जोशी मार्गावर, 1920च्या दशकात बीडीडीच्या, म्हणजे बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटच्या, 32 चाळी उभ्या राहिल्या. प्रत्येक चाळीत 80 खोल्या, एकेक खोली 160 चौरस फुटांची. सगळी मिळून 2,560 बिऱ्हाडे. आता तिथे पुनर्विकासाचे टॉवर चढत आहेत, पण हिशेबाला जुना आकडाच सोयीचा आहे. दुसरा आकडा आकाशातला. नोव्हेंबर 2024 मध्ये इस्रोचा जीसॅट-एन2 हा 4,700 किलोचा उपग्रह अमेरिकेतल्या केप कॅनाव्हेरलहून फाल्कन-9 रॉकेटने वर गेला. त्याची क्षमता सेकंदाला 48 गिगाबिट. सहा वर्षांपूर्वीच्या जीसॅट-11 ची 16 होती, म्हणजे झेप मोठीच. तरीही हे दोन आकडे शेजारी ठेवले की उपग्रहाचे इंटरनेट कोणासाठी आहे आणि कोणासाठी नाही, हे स्पष्ट होते.

त्यासाठी ही क्षमता वाढते कशी, ते आधी पाहिले पाहिजे. जुना संचार उपग्रह सगळ्या देशावर एकच रुंद झोत टाकायचा. एक फ्रिक्वेन्सी एकदा वापरली की ती देशभर अडकली. गणेशोत्सवात एकाच गल्लीत दोन मंडळांनी कर्णे लावले तर कोणाचेच धड ऐकू येत नाही, पण लालबाग आणि गिरगाव एकाच वेळी आपापली आरती लावू शकतात, कारण मधले अंतर आवाज गिळून टाकते. नव्या उपग्रहांनी हेच केले. एका झोताचे अनेक लहान झोत केले आणि एकमेकांना न लागणाऱ्या झोतांत तीच फ्रिक्वेन्सी पुन्हा पुन्हा वापरली. जीसॅट-एन2 चे असे 32 झोत आहेत: 8 अरुंद झोत ईशान्य भारतावर, 24 रुंद झोत उरलेल्या देशावर. सरासरी काढली तर एका झोताच्या वाट्याला दीड गिगाबिट येतो.

आता डिलाईल रोडकडे वळू. एका घरात एक टीव्ही आणि दोन मोबाईल नीट चालायला सेकंदाला 10 मेगाबिट धरा. दीड गिगाबिटमध्ये अशी 150 घरे एका वेळी बसतात. सगळी घरे काही एकदम व्हिडिओ पाहत नाहीत, हे खरे. पण रात्री नऊ वाजता दहातल्या एकाच खोलीत तो चालू असला, तरी 256 खोल्या होतात. डिलाईल रोडच्या चाळींनीच झोत भरून वाहू लागला. वरळी, नायगावच्या बीडीडी चाळी अजून मोजलेल्याही नाहीत. याउलट केसाएवढ्या जाडीच्या एका फायबरमधून आज हजारो गिगाबिट जाऊ शकतात, आणि शेजारी दुसरी फायबर टाकली तर पहिलीला तिचा पत्ताही लागत नाही. आकाशात ही मुभा नाही. म्हणून दाट वस्तीला फायबर आणि विरळ वस्तीला उपग्रह, हे भौतिकशास्त्रानेच ठरवून दिले आहे.

हा धडा या परिसराला नवा नाही. 1994 साली नॅशनल स्टॉक एक्सचेंज सुरू झाले तेव्हा त्याचे कार्यालय इथून जवळच वरळीला, महिंद्रा टॉवर्समध्ये होते. देशभरातल्या दलालांना त्याने व्हीसॅट, म्हणजे उपग्रहाशी बोलणाऱ्या लहान तबकड्यांनी जोडले. सौद्याचा मजकूर असतो चार अक्षरांचा, पण तो शेकडो गावांतून यायचा होता. थोडा माल, फार पसरलेली गिऱ्हाइके: उपग्रह शोभतो तो इथे.

यावर पहिला आक्षेप असा की हे सगळे उंचावरच्या उपग्रहांचे झाले. स्टारलिंकचे हजारो उपग्रह जेमतेम 550 किलोमीटरवरून फिरतात, त्यांचे काय? उशिराच्या बाबतीत आक्षेप बरोबर आहे. भूस्थिर उपग्रह 35,786 किलोमीटरवर असतो. मागणी वर-खाली, उत्तर वर-खाली, मिळून जवळपास अर्धा सेकंद जातो आणि बोलणाऱ्यांची वाक्ये एकमेकांवर आदळतात. खालच्या उपग्रहांनी ही अडचण दूर केली. दाटीची अडचण मात्र तशीच राहिली. कोणत्याही क्षणी त्यातले बहुतेक उपग्रह समुद्रावर किंवा दुसऱ्या देशांवर असतात, आणि एका शहरावर वापरता येणारी फ्रिक्वेन्सी मोजकीच असते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. शहरी ग्राहक पैसे देणार नाही तर रानातल्या जोडणीचा खर्च निघणार कसा? शिवाय मुंबईचा झोत वेगळा, गडचिरोलीचा वेगळा. मुंबईकराने वापरले म्हणून तिथल्या भामरागडचे काय जाते? भामरागडचे काही जात नाही, हे मान्यच केले पाहिजे. जाते ते पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्याचे. रुंद झोत शेकडो किलोमीटर पसरतो. दक्षिण मुंबईतला टॉवर आणि मोखाड्यातला पाडा एकाच झोताखाली येतात. घरात दोन फायबर असताना हौसेने गच्चीवर बसवलेली तबकडी त्या पाड्याच्या वाट्यातूनच घेते. मे 2025 मध्ये ट्राय या दूरसंचार नियामकाने खालच्या कक्षेतल्या सेवांसाठी प्रत्येक शहरी ग्राहकामागे वर्षाला 500 रुपये जादा आकारावेत आणि ग्रामीण ग्राहकाला त्यातून सूट द्यावी, अशी शिफारस केली. दिशा योग्य आहे; रक्कम मात्र इतकी किरकोळ आहे की टॉवरमधला माणूस तिच्यामुळे थांबणार नाही.

शहरातही काही तबकड्या हव्यातच. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि फोन मुके झाले. केईएमसारखे रुग्णालय, अग्निशमन दल, पालिकेचा आपत्ती कक्ष यांना जमिनीवरच्या तारांवर न विसंबणारी वाट असलीच पाहिजे. ती गरज मूठभर जोडण्यांची आहे, घरोघरची नाही.

पावसाचा मुद्दा राहिला. जीसॅट-एन2 वापरतो त्या केए बँडच्या लहरी मुसळधार पावसात क्षीण होतात, आणि आपला पाऊस तर मुसळधारच. पण सर ओसरली की वेग परत येतो. उपकरणे तेवढ्यापुरता वेग उतरवून जोडणी टिकवतातही. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता दिवसेंदिवस बंद राहतो. ज्या दिवशी डॉक्टर पोहोचू शकत नाही, त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रातून तज्ज्ञाशी बोलता येणे लाखमोलाचे आहे.

नोव्हेंबर 2025 मध्ये महाराष्ट्र शासनाने स्टारलिंकशी इरादापत्र केले. त्यात गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव आणि वाशिम ही नावे आहेत. प्रत्यक्ष करार होताना काही गोष्टी त्यात लिहूनच घ्याव्यात. पहिली जोडणी आश्रमशाळेला आणि आरोग्य केंद्राला. वेगाची मोजणी उन्हाळ्यात नव्हे, जुलै-ऑगस्टमध्ये, आणि तिचे आकडे जाहीर. तबकडीसोबत सौर पॅनेल आणि बॅटरी, कारण जिथे फायबर नाही तिथे वीजही भरवशाची नसते. आणि पहिल्या वर्षानंतरचे बिल ग्रामपंचायतीच्या माथी येणार नाही, याची तजवीज.