शेजाऱ्याचे झाड आपल्या बागेत

पावसाळ्याच्या तोंडावर एखादी वादळी रात्र सरली, की भारतातील बहुतेक शहरांत एक दृश्य हमखास पाहावयास मिळते. कुंपणाची भिंत मध्येच ढासळलेली असते आणि काल सायंकाळपर्यंत शेजारच्या आवारात उभा असलेला गुलमोहर आपल्या बागेत आडवा पडलेला असतो. शेंडा आपल्या पायरीपाशी, बुंधा अजून पलीकडेच, आणि मुळांचा गड्डा मातीसकट उलथून माणसाच्या उंचीएवढा उभा. अलीकडून घरची मंडळी बाहेर येतात, पलीकडून शेजारी येतात. प्रथम थोडी हळहळ व्यक्त होते. मग कोणीतरी विचारतो, की हे आता उचलायचे कोणी? या प्रश्नाला कायद्याचे एक उत्तर आहे आणि करवत हाती घेणाऱ्याचे दुसरे. ही दोन्ही उत्तरे ठाऊक नसल्यामुळे दरवर्षी अनेकांचे शेजारपण तुटते आणि काहींचे प्राणही जातात.

गुलमोहराचे नाव वर घेतले ते उगाच नव्हे. मादागास्करहून आलेला हा वृक्ष झपाट्याने वाढतो, छत्रीसारखा पसरतो, परंतु त्याचे लाकूड ठिसूळ असून मुळे बरीचशी वरच्या थरातच पसरतात. पर्जन्यवृक्ष आणि सोनमोहर हेही वादळात दगा देणारे म्हणून बागवानांना परिचित आहेत. तथापि सगळा दोष जातीवर ढकलणे न्यायाचे होणार नाही. कोणत्याही मोठ्या वृक्षाची बहुतेक मुळे जमिनीच्या वरच्या सुमारे एक मीटर थरात, आडवी, दूरवर गेलेली असतात. नळ टाकण्यासाठी चर खणला, तारेसाठी खड्डा घेतला, फरसबंदी थेट बुंध्यापर्यंत नेली, की ही मुळे एका बाजूने कापली तरी जातात किंवा गुदमरून कुजतात. वरून झाड हिरवेगार दिसते. मग पावसाने माती भिजून सैल होते आणि वारा सुटतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला, तर त्याचा झाडावरील दाब चौपट होतो, हे ध्यानात घेतले म्हणजे वीस वर्षे उभे असलेले झाड एका रात्रीत का कोसळते याचे फारसे आश्चर्य वाटणार नाही.

पडलेल्या झाडाकडे धाव घेण्यापूर्वी पाहावयाचे ते झाड नव्हे, तर तारा. फांद्यांच्या गर्दीत विजेची तार अडकली असेल, तर ओले लाकूड, ओली जमीन आणि लोखंडी कुंपण ही सर्वच प्राणघातक ठरू शकतात. तार तुटून निपचित पडली आहे, घरातील दिवे गेले आहेत, म्हणजे वीज नाही, असे अनुमान मुळीच करू नये. किमान दहा मीटर दूर राहावे, मुलांना व जनावरांना आवरावे, वीज मंडळाला कळवावे आणि त्यांच्या माणसाने प्रवाह बंद केल्याचे सांगेपर्यंत थांबावे. काठीने तार बाजूला सारण्याचा पराक्रम करणारे पुष्कळ असतात. त्यांचे अनुकरण करू नये.

आता मालकीचा प्रश्न. ज्याच्या जमिनीत खोड रुजले आहे त्याचे झाड, हा सर्वसाधारण नियम आहे आणि झाड पडल्यामुळे तो बदलत नाही. आपल्या गुलाबांवर पडलेले लाकूड आपले होत नाही. ते शेजाऱ्याचेच राहते. भारतातील न्यायालये या बाबतीत पुष्कळसा आधार इंग्लंडमधील जुन्या निर्णयांचा घेत आली आहेत. ‘लेमन विरुद्ध वेब’ या खटल्यात १८९४ साली असे ठरले, की शेजाऱ्याच्या झाडाच्या फांद्या आपल्या हद्दीत आल्या, तर त्याच्या आवारात पाऊल न टाकता त्या हद्दीपर्यंत छाटण्याचा आपल्याला अधिकार आहे. त्यासाठी पूर्वसूचनाही आवश्यक नाही. पुढे १९१९ साली एका गृहस्थाने अशाच लटकत्या फांद्यांवरची सफरचंदे तोडून विकली, तेव्हा न्यायालयाने त्याला फळांची किंमत मालकाला द्यावयास लावली. छाटण्याचा अधिकार आहे, घेण्याचा नाही. पडलेल्या झाडालाही हाच न्याय लागू करता येतो. वाट मोकळी करण्यापुरते आपण कापावे, परंतु ओंडके परस्पर वखारीत धाडू नयेत. उलट, लाकूड आपले असले तरी ते नेण्यासाठी शेजाऱ्याने आपल्या बागेत परवानगीवाचून शिरणेही बरोबर नव्हे.

मोडलेल्या भिंतीचा खर्च कोणी सोसावयाचा? येथे अनेकांची निराशा होते. झाड ज्याचे, भरपाई त्याचीच, असे सामान्य माणसाला वाटते. कायद्याचा कल तसा नाही. निरोगी झाड असामान्य वादळात उन्मळले, तर ती दैवी आपत्ती समजली जाते आणि ज्याने त्याने आपापल्या बाजूचे नुकसान सोसावे लागते. मालकाला जबाबदार धरावयाचे, तर झाड धोक्याचे झाले आहे हे त्याला ठाऊक होते, किंवा सामान्य काळजी घेतली असती तर ठाऊक झाले असते, हे दाखवावे लागते. दिल्लीत १९६४ च्या ऑगस्टमध्ये स्कूटरवरून जाणाऱ्या एका इसमाच्या डोक्यावर रस्त्याकडेच्या झाडाची फांदी पडून त्याचा मृत्यू झाला. झाड महानगरपालिकेच्या ताब्यातील होते आणि ते वाळून मृतप्राय झाले होते. अशा झाडांची वेळोवेळी पाहणी करून ती काढून टाकणे हे उद्यान विभागाचे कर्तव्य होते, असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने महानगरपालिकेचे दायित्व कायम केले. तो निर्णय १९९९ सालचा आहे. अपघात आणि अखेरचा निकाल यांच्यामध्ये पस्तीस वर्षे गेली होती. भिंतीच्या चार फूट तुकड्यासाठी न्यायालयाची वाट धरू इच्छिणाऱ्यांनी हा आकडा एकदा मनाशी घोळवून पाहावा.

या निर्णयातील मर्म असे, की जबाबदारी झाड पडण्यापूर्वीच निर्माण होते. बुंध्यावर कठीण, अर्धवर्तुळाकार भूछत्रे उगवली आहेत, साल सुटत आहे, ढोलीतून भुसा गळत आहे, पालवी एकाच बाजूस फुटते, किंवा कललेल्या झाडाच्या मुळाशी नवीन भेग पडली आहे, अशी लक्षणे दिसली की शेजाऱ्याला सांगावे, आणि ते लेखी सांगावे. एका पोस्टकार्डाने पुढचा सारा वाद निकालात निघू शकतो: शेजाऱ्याला ‘मला कल्पना नव्हती’ असे म्हणता येत नाही, आणि बहुधा तो झाडाकडे लक्षही देतो. मात्र त्यालाही झाड मनास येईल तेव्हा तोडता येत नाही. महाराष्ट्रातील नागरी क्षेत्रांसाठी १९७५ चा, कर्नाटकात १९७६ चा, दिल्लीत १९९४ चा असे वृक्षसंरक्षणाचे कायदे असून तोडीसाठी अनुज्ञा घ्यावी लागते. जीवितास किंवा मालमत्तेस तात्काळ धोका असेल, तर दिल्लीच्या कायद्याप्रमाणे झाड आधी तोडून चोवीस तासांच्या आत वृक्ष अधिकाऱ्याला कळविण्याची मुभा आहे. पडलेल्या झाडाचे छायाचित्र काढून ठेवणे आणि नगरपालिकेला कळविणे म्हणूनच शहाणपणाचे. साग, शिसवी, चंदन यांसारख्या जातींच्या लाकडाच्या वाहतुकीचे नियम अनेक राज्यांत निराळे व कडक आहेत. कर्नाटकात २००१ पर्यंत आणि तमिळनाडूत २००२ पर्यंत तर खासगी जमिनीतील चंदनाचे झाडसुद्धा सरकारी मालकीचे मानले जाई. आपल्या परसातील झाडाचे आपण केवळ राखणदार, अशी ती चमत्कारिक अवस्था होती.

आता प्रत्यक्ष काम. उभे झाड तोडणे हे कौशल्याचे काम आहे, हे सर्वांना मान्य असते. पडलेले झाड मात्र कोणीही कापू शकेल, असे वाटते. वस्तुस्थिती पुष्कळदा याच्या उलट असते. उभ्या झाडाचा भार कोठे आहे हे दिसते, पडलेल्या झाडात तो लपलेला असतो. साठ सेंटिमीटर व्यासाचा आणि पाच मीटर लांबीचा ओला ओंडका सुमारे दीड घनमीटर भरतो; त्याचे वजन एक टनाच्या वर जाते. असे खोड भिंतीवर रेललेले, फांद्यांवर टेकलेले किंवा मध्येच वाकलेले असते, तेव्हा ते ओढलेल्या धनुष्यासारखे असते. त्याच्या एका अंगाला तंतू ताणलेले असतात, दुसऱ्या अंगाला दाबलेले. कोणते अंग कोणते, हे ओळखल्याशिवाय करवत लावू नये.

ओळखण्याची रीत अवघड नाही. ओंडका दोन्ही टोकांना टेकलेला आणि मध्ये अधांतरी असेल, तर त्याची वरची बाजू दाबाखाली आणि खालची ताणाखाली असते. अशा वेळी प्रथम वरून जाडीच्या एकतृतीयांशापर्यंत कापावे आणि मग खालून वर कापत नेऊन पहिल्या कापास मिळवावे. एकच टोक आधारावर आणि दुसरे मोकळे लोंबत असेल, तर उलट: आधी खालून थोडे, मग वरून. क्रम चुकला, तर एक तर करवत लाकडात चिमटून बसते, नाहीतर खोड उभे चिरून कापणाऱ्याच्या अंगावर येते. दोहाती करवतीवर काम करणारे जुने कारागीर ओंडक्याकडे घटकाभर नुसते पाहत बसत, ते आळसापोटी नव्हे. यांत्रिक करवतीने वेळ वाचतो हे खरे, पण विचार करण्याचा वेळही तीच खाते. ती चालविण्याचा अनुभव नसेल, तर पडलेल्या झाडावर पहिला धडा गिरवू नये. अनुभवी माणसाला बोलवावे आणि त्याची मजुरी दोन्ही घरांनी वाटून घ्यावी.

फांद्या बुंध्याकडून शेंड्याकडे साफ करीत जाव्या. ज्यांच्यावर झाड तोलले आहे त्या खालच्या फांद्या शेवटपर्यंत राखाव्या, कारण त्या निघताच खोड गडगडते. उतार असेल तर वरच्या अंगाला उभे राहावे. तळहाताएवढ्या जाडीची वाकलेली फांदीसुद्धा एका घावात तोडली, तर चाबकासारखी उसळते. तिला वाकाच्या आतल्या बाजूने बारीक काप देत हळूहळू सैल करावे.

सर्वांत फसवा भाग उलथलेल्या मुळांचा. खोडाचे वजन गड्ड्याला उलटा धरून ठेवते. खोड मुळाजवळ कापले, की तो अवजड गड्डा मातीसह मागे जाऊन धाडकन पूर्वीच्या खड्ड्यात बसू शकतो. त्या खड्ड्यात कुतूहलाने उतरलेले मूल असेल, तर काय होईल हे सांगावयास नको. म्हणून कापण्यापूर्वी खड्डा रिकामा असल्याची खात्री करावी, गड्डा जाड दोराने बांधावा किंवा टेकू द्यावा, आणि खोडाचा निदान माणसाच्या उंचीएवढा भाग मुळांना जोडलेला ठेवावा.

कापलेल्या मालाची विल्हेवाट जातीवर अवलंबून असते. पाला व डहाळ्या कंपोस्ट खड्ड्यात जाऊ शकतात. आंब्याचे लाकूड जमिनीवर पडून राहिले, तर वाळवी लवकर लागते. परंतु नारळाचे खोड पडू देणे हा नुसता गबाळेपणा नसून शेजाऱ्यांशी केलेला अपराधच म्हणावा लागेल. कुजणाऱ्या माडाच्या खोडात गेंडा भुंगा अंडी घालतो आणि त्यातून निघालेले भुंगे आसपासच्या जिवंत माडांचा गाभा पोखरतात. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा श्रीवर्धन-दिवेआगर भागातील वाड्यांत माड व पोफळी एकमेकींवर आडव्या पडल्या. अशा वाड्या एकमेकींना लागून असतात, त्यांच्यामध्ये पुष्कळदा केवळ गडगा असतो. टाळेबंदीचे ते दिवस, मजूर मिळत नव्हते. एकाने आपली वाडी साफ केली आणि शेजाऱ्याची तशीच राहिली, तर भुंग्याला गडगा अडवीत नाही. येथे ‘झाड कोणाचे’ हा प्रश्न विचारण्यात अर्थच उरत नाही.

काही झाडे मात्र काढावीच लागत नाहीत. कोवळे किंवा मध्यम आकाराचे झाड कललेले असेल आणि एका बाजूची मुळे जमिनीत शाबूत असतील, तर माती ओली असतानाच मुळे गोणपाटाने झाकून, फांद्या हलक्या करून, दोरांनी सावकाश उभे करता येते आणि दोन पावसाळे ताण देऊन सांभाळता येते. २० मे २०२० च्या ‘अम्फान’ वादळानंतर कलकत्त्यात कोसळलेल्या हजारो वृक्षांपैकी काही या रीतीने पुन्हा उभे करण्यात आले. हुगळीच्या पलीकडे शिबपूर येथील वनस्पती उद्यानात त्या रात्री सुमारे एक हजार झाडे पडली, तेथील प्रसिद्ध महावटालाही इजा झाली. पण या वटाने याहून मोठे संकट पूर्वीच पचविले आहे. १८६४ व १८६७ च्या वादळांत त्याच्या खोडाला जखमा झाल्या, त्यांतून बुरशी शिरली आणि अखेर १९२५ साली मूळ खोड पूर्णपणे काढून टाकावे लागले. आज त्या जागी खोड नाही; वट केवळ पारंब्यांवर उभा आहे आणि वाढत आहे.

आपल्या बागेतील गुलमोहराला पारंब्या नाहीत, तेव्हा त्याचा ओंडका जाईल आणि खड्डा राहील. तो लगेच बुजवू नये. आत राहिलेली तुटकी मुळे काढावी, माती पावसाने बसू द्यावी आणि मगच भिंतीचा पाया घ्यावा, नाहीतर पुढल्या वर्षी भिंत खचते. आणि भिंत बांधण्यास गवंडी येईल त्या दिवशी शेजाऱ्यासह पलीकडे जाऊन त्याच रांगेतील दुसरा गुलमोहर बुंध्यापाशी वाकून पाहावा. बहुधा दोन्ही एकाच दिवशी लावलेले असतात आणि तोच चर दोघांच्याही मुळांवरून गेलेला असतो.