महाडचा सावित्री पूल

मुंबई–गोवा महामार्ग महाड ओलांडून पोलादपूरकडे निघतो, तेव्हा त्याला सावित्री नदी आडवी येते. महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावणारी ही नदी थोड्याच अंतरात सह्याद्रीचा कडा उतरते आणि पुढे बाणकोटच्या खाडीतून अरबी समुद्राला मिळते. घाटमाथ्यावर रात्रभर पाऊस झाला, की काही तासांतच खाली पाणी चढते. महाडला तर सावित्री आणि गांधारी या दोन नद्या भेटतात. खाडीमार्गे येणारा माल आणि वरंध घाटातून उतरणारा माल या जोरावर महाडची बाजारपेठ वाढली. पूरही तिला तितकाच जुना. अशा नदीवर १९२८ साली इंग्रजी अमदानीत दगडी कमानींचा पूल उभा राहिला.

कमानीच्या पुलाचा सारा भरवसा दाबावर असतो. वरचे ओझे कमानीतले दगड एकमेकांवर रेटून खांबांकडे पोहोचवतात. शेजारच्या दोन कमानी एकाच खांबाला दोन्ही बाजूंनी रेटतात, म्हणून खांब सरळ उभा राहतो. चुन्यात बांधलेल्या अशा बांधकामात लोखंड नसते, त्यामुळे गंजण्याचा प्रश्न येत नाही. बैलगाड्यांच्या काळातले कितीतरी कमानी पूल आज मालट्रकही पेलतात, ते दगडात मुळातच मुबलक ताकद शिल्लक असते म्हणून. मात्र या रचनेत एक धोका आहे. मधला एक खांब खचला की त्याच्या दोन्ही बाजूंच्या कमानींचा आधार जातो, आणि पडझड एका गाळ्यावर न थांबता पुढच्या गाळ्यांपर्यंत पोहोचू शकते.

खांब खचतो तो बहुधा पाण्याखाली. पुराचे पाणी खांबाला अडले की त्याच्या बुडाशी भोवरे तयार होतात आणि पायाभोवतीची वाळू-माती उपसून नेतात. पूर ओसरला की याच खड्ड्यात नवा गाळ बसतो. उन्हाळ्यात पाहणीला गेलेल्या अभियंत्याला खांबाभोवती सपाट, निर्धोक दिसणारे पात्र आढळते. दगडांच्या सांध्यांतला चुना झिजलेला असतो, पिंपळ-उंबराची मुळे फटींत शिरलेली असतात. तेवढे डोळ्यांना दिसते. पायाखालचे पाहायचे तर पाणबुडे किंवा खास उपकरणे हवीत. सावित्रीच्या पुलाची तपासणी मे २०१६ मध्ये झाली होती आणि तीत धोक्याचे काही आढळले नव्हते. नदीतला वाळूउपसा पात्र खोल करतो आणि जुन्या पायांना उघडे पाडतो, हा मुद्दाही पुढे पूल कोसळल्यावर चर्चेत आला.

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री, नदीला मोठा पूर असताना, हा पूल कोसळला. मुंबईकडे निघालेल्या एसटीच्या दोन गाड्या आणि काही खासगी वाहने पाण्यात गेली. मृतांची संख्या ४० च्या आसपास होती. प्रवाह इतका जोराचा होता, की काही मृतदेह पार समुद्रकिनाऱ्यापर्यंत वाहत गेले. नौदलाचे पाणबुडे आणि राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल कित्येक दिवस शोध घेत होते. बुडालेली वाहने हुडकण्यासाठी क्रेनला जड लोहचुंबक बांधून तो पाण्यात सोडला गेला.

पुलाच्या शेजारीच एक नवा पूल आधीपासून होता, आणि पुढच्या सगळ्या घटनाक्रमात ही बाब फार महत्त्वाची ठरली. दुर्घटनेपर्यंत दोन्ही दिशांची वाहतूक दोन पुलांवर वाटलेली होती. आता ती सगळी एकावर आली. गर्दी झाली, पण मार्ग तुटला नाही. महामार्ग बंद पडला असता तर तात्पुरता पूल, वळणरस्ता आणि त्यासाठी जमीन या सगळ्यांतच पहिले कित्येक महिने गेले असते.

कोसळलेल्या पुलाच्या जागी नवा पूल १८० दिवसांत बांधायचे ठरले. डिसेंबर २०१६ मध्ये काम सुरू झाले आणि १६५ दिवसांत पुरे होऊन ५ जून २०१७ रोजी पूल वाहतुकीला खुला झाला. लांबी २३९ मीटर, रुंदी १६ मीटर, तीन मार्गिका, दोन्ही बाजूंना पदपथ. खर्च सुमारे ३५.७७ कोटी रुपये. लवकर न गंजणाऱ्या खास पोलादाच्या सळया त्यात वापरल्या आहेत. कोकणच्या दमट, खाऱ्या हवेत काँक्रीटचे आयुष्य बहुतेक वेळा आतली सळई ठरवते, तेव्हा हा खर्च रास्तच म्हणायचा.

वेळापत्रक खरे तर पावसाने आखून दिले होते. कोकणातल्या नदीत पायाचे काम डिसेंबर ते मे एवढ्याच काळात नीट होते. पाणी उतरलेले असताना खडकापर्यंत जायचे, पाया भरायचा आणि पहिल्या पावसाआधी खांब पूररेषेच्या वर काढायचे. एखादा पाया अर्धवट राहिला तर पुरात तोही जातो आणि वर्षही जाते. कमानीऐवजी तुळया आणि स्लॅब वापरल्याने गाळे लांब ठेवता येतात, म्हणजेच पाण्यातले खांब कमी होतात. प्रत्येक गाळा आपापल्या खांबांवर स्वतंत्रपणे टेकलेला असतो. एक गाळा गेला तरी त्याने शेजारच्याला ओढून नेण्याचे कारण उरत नाही.

तरी हा वेग सर्वत्र जमेल असे नाही. इथे जागा हाताशी होती, पर्यायी पूल होता, निधी अडला नाही, आणि लोकांचा रोष ताजा होता. कोल्हापुरात पंचगंगेवरच्या जुन्या शिवाजी पुलाला पर्यायी पूल बरेच काम होऊनही रखडला, कारण शेजारची ब्रह्मपुरी टेकडी संरक्षित स्मारक आहे आणि अशा स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत बांधकामाला कायद्याने बंदी आहे. ज्या मुंबई–गोवा महामार्गावर सावित्रीचा पूल आहे, त्याचे चौपदरीकरणही वर्षानुवर्षे रेंगाळले.

महाडनंतर देशभरातल्या पुलांची नोंद एकत्र करण्याला गती आली. ऑक्टोबर २०१६ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने पूल व्यवस्थापन प्रणाली सुरू केली. तीत प्रत्येक पुलाला ओळख क्रमांक असतो, त्याचे अक्षांश-रेखांश नोंदलेले असतात आणि अवस्थेनुसार ० ते ९ असा दर्जा दिला जातो. नव्या पुलाला जुन्यापेक्षा देखभाल कमी लागते असे मात्र नाही. दगडी कमानीला प्रसरण-सांधे आणि बेअरिंग नसतात. तुळईच्या पुलाला दोन्ही असतात आणि ती पुलाआधीच झिजतात. पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या तुंबल्या की ते सांध्यातून खाली झिरपते, बेअरिंगवर साचते आणि काँक्रीटच्या टोकाशी सळई गंजवू लागते. म्हणून पावसाळ्यापूर्वी या नळ्या मोकळ्या करायच्या असतात, आणि पूर ओसरल्यावर खांबांच्या बुडाची खोली पुन्हा मोजायची असते.