थेंब डोळ्यातच का?

जानेवारी २०२१मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंबा गावी दोनेक दिवसांत ८००च्या आसपास कोंबड्या मेल्या. नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत गेले, निदान आलं: बर्ड फ्लू, एच५एन१ जातीचा. सौम्य फ्लूचा विषाणू कोंबडीच्या श्वासनलिकेत नि आतड्यातच वाढू शकतो. हा एच५एन१ मात्र सगळ्या शरीरात पसरतो. प्रतिपिंडं तयार व्हायला आठवडाभर तरी लागतो आणि इथे खेळ दोन दिवसांतच आटोपतो.

एरवी कोंबडी इतकी दुबळी नसते. आपल्या पायाला ठेच लागून चिघळली की जांघेत अवधाण येतं. कोंबडीला तसं अवधाण येत नाही, कारण आपल्यासारख्या लसिका गाठीच तिला नसतात. तिचे पहारेकरी वेशीवरच बसलेले: आतड्यात, श्वासमार्गात आणि डोळ्यामागच्या हार्डर ग्रंथीत. ही ग्रंथी डोळा ओला ठेवते, शिवाय ‘आयजीए’ जातीची प्रतिपिंडं अश्रूंत सोडते. विषाणू पेशीला चिकटण्याआधीच ती त्याला धरतात.

प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशी घडतात त्या शेपटीखालच्या बर्सा नावाच्या पिशवीत. ही पिशवी कशासाठी, हे शतकानुशतकं कोडंच होतं. ब्रूस ग्लिक या अमेरिकन संशोधकाने काही पिल्लांच्या बर्सा काढल्या होत्या. तेच पक्षी पुढे एका प्रात्यक्षिकासाठी वापरले गेले आणि त्यांच्या रक्तात प्रतिपिंडं सापडेनात. यावरचा निबंध १९५६मध्ये कोंबडीपालनाच्या एका नियतकालिकात छापला गेला. वैद्यकाच्या जगाचं लक्ष जायला बराच वेळ लागला. आज माणसाच्या रक्ततपासणीतही ‘बी पेशी’ म्हणतात, त्यातला ‘बी’ कोंबडीच्या या बर्साचा! गंबोरो या कोंबड्यांच्या रोगाचा विषाणू नेमकी हीच पिशवी पोखरतो. म्हणून गंबोरोतून वाचलेल्या पिल्लांना दिलेल्या इतर लसीही नीट लागू पडत नाहीत.

आता मानमोडी, म्हणजे राणीखेत हा रोग. पिल्लू पाच-सात दिवसांचं झालं की लासोटा लसीचा थेंब डोळ्यात टाकतात. सुई टोचली तर रक्तात प्रतिपिंडं येतात, पण वेस राखायला ती कमी पडतात. डोळ्यातला थेंब हार्डर ग्रंथीला जागं करतो, मग अश्रुनलिकेतून नाकात, घशात उतरतो. पाण्यातूनही लस देतात, पण नळाच्या पाण्यातलं क्लोरीन तिच्यातला विषाणू मारतं. त्यासाठी पाण्यात दुधाची भुकटी कालवतात.

थेंब पडला की पिल्लाने डोळा मिचकावेपर्यंत त्याला हातातून सोडायचं नाही. काही लसींच्या द्रावणात निळा रंग असतो. थोड्या वेळाने चोच उघडून पाहावी: जीभ निळी दिसली, तर थेंब पोचला.