रविवारची चिलटं

"पीएचडी करायला अमेरिकेला गेलीस आणि चिलटं पाळतेस?" पहिल्या वर्षी आईने फोनवर विचारलं, तेव्हा मला हसू आलं. पण ती खोटं बोलत नव्हती. केळी फार पिकली की त्यांच्याभोवती घिरट्या घालतात ती चिलटं, म्हणजे शास्त्राच्या भाषेत ड्रॉसोफिला, हाच माझा अभ्यासाचा प्राणी. मक्याचं पीठ, काकवी, यीस्ट आणि अगार एकत्र शिजवून त्यांचं खाणं तयार होतं. काकवी ऐकून आई म्हणाली, "आमच्यापेक्षा चांगलं खातात की!"

मी राहते ते मॅडिसन हे विस्कॉन्सिन राज्यातलं तळ्यांचं गाव. हरगोविंद खुराणांना १९६८ मध्ये नोबेल मिळालं तेव्हा ते इथेच काम करत होते. थंडी अशी, की जानेवारीत लोक गोठलेल्या तळ्यावरून चालत जातात. कराडहून आलेल्या मुलीने हे पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा तिला वाटलं ही माणसं वेडी आहेत.

इथे आधी गाइड ठरवून मग प्रवेश, असं नसतं. पहिल्या वर्षी तीन प्रयोगशाळांत दोन-अडीच महिने काम करून बघायचं, याला रोटेशन म्हणतात. मग दोघांचं जमलं तर तिथे राहायचं. दुसऱ्या वर्षी प्रिलिम, म्हणजे पात्रता परीक्षा. आमच्या वर्षात आम्ही बाराजण होतो. दर शुक्रवारी संध्याकाळी बाकीचे युनियनच्या टेरेसवर तळ्याकाठी रंगीत खुर्च्या टाकून बसायचे. मी जात नसे. आई-वडिलांनी इतक्या लांब पाठवलंय ते गप्पा मारायला नाही, असं माझं ठाम मत होतं. शिवाय बिअर पीत नाही, हे दरवेळी सांगायचा कंटाळा यायचा.

दुसऱ्या वर्षी फेब्रुवारीत भावाचा फोन आला. बाबांची बायपास करायची ठरली होती, चार दिवसांनी. प्रिलिम मे महिन्यात. आणि माझ्या माश्यांचे संकर ऐन भरात.

हे जरा समजावून सांगते. संकरासाठी नराशी संबंध न आलेल्या माद्या लागतात. कोषातून बाहेर आलेली मादी पंचवीस अंश तापमानात साधारण आठ तास नराला जवळ करत नाही, तेवढ्यात तिला वेगळी काढायची. रंगाने फिकट, पोटात काळा ठिपका, ही तिची खूण. म्हणजे सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, सूक्ष्मदर्शकाखाली ब्रशने एकेक निवडत बसायचं. रविवार नाही, दिवाळी नाही. एक खेप चुकली की त्या बाटलीतल्या माद्यांचा भरवसा गेला. सहा महिन्यांचं काम असं बाटल्यांत होतं.

आमच्या मॅडम म्हणाल्या, "आधी जा." मी तिकीट काढलं आणि रात्री बाटल्या रिकाम्या करायला लागले. वर्षातली एक मुलगी शेजारच्या प्रयोगशाळेतून बर्फ न्यायला आली होती. तिच्या घरी विस्कॉन्सिनमध्येच दुधाचा धंदा आहे, मोठा गोठा आहे. तिने माझ्या हातातली बाटली काढून घेतली. "आमच्याकडे गाई दिवसातून दोनदा पिळाव्या लागतात. लग्न असो की मयत, कोणीतरी पिळतंच. मला शिकव." रात्री एक वाजेपर्यंत तिला आणि आणखी तिघांना मी माद्या ओळखायला शिकवलं. त्यातले दोघे वर्षभर एकाच वर्गात असून माझ्याशी धड बोललेले नव्हते. चूक माझीच होती. फ्रिजच्या दारावर पाळ्यांचा कागद लागला. रविवारच्या दोन्ही खेपा इराणच्या मैत्रिणीने घेतल्या. दुसऱ्या दिवशी शिकागोपर्यंत बसने तीन तास आणि पुढे विमान.

माशीवाल्या लोकांत देण्याघेण्याची ही रीत तशी जुनी. कोलंबिया विद्यापीठात मॉर्गन यांना १९१० मध्ये पांढऱ्या डोळ्यांची माशी सापडली. दुधाच्या बाटल्यांत वाढवलेले आपले वाण ते आणि त्यांचे विद्यार्थी दुसऱ्या शास्त्रज्ञांना देत असत. आजही ब्लूमिंग्टनच्या केंद्रातून हव्या त्या वाणाच्या माश्या टपालाने येतात. हे सगळं मी पुस्तकात वाचलं होतं, पण त्याचा माझ्याशी संबंध आहे असं वाटलं नव्हतं.

ऑपरेशन नीट झालं. आठव्या दिवशी बाबा उशीला टेकून बसले होते, तेव्हा मोबाइलवर आलेला पाळ्यांच्या कागदाचा फोटो त्यांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून नीट पाहिला. "म्हणजे ही सावडच की," ते म्हणाले. आमच्याकडे भांगलणीला अशीच सावड चालते, आज तुझ्या रानात, उद्या माझ्या. मग शेतकऱ्याचा हिशेबी प्रश्न आला, "तुझे किती दिवस फेडायचे राहिलेत?"

मी मोजले. तीन आठवड्यांच्या बेचाळीस खेपा.

परत येताना आईने स्टीलच्या डब्यात बेसनाचे लाडू दिले, कारण इराणच्या मैत्रिणीने एवढंच मागितलं होतं, "आईच्या हातचं काहीही आण." तिचा व्हिसा एकदाच प्रवेशाचा. देशाबाहेर गेली, तर पुन्हा यायला नवा व्हिसा, आणि तो कधी मिळेल याचा नेम नाही. चार वर्षं ती घरी गेलेली नाही. लाडू तिने अर्धा खाल्ला आणि अर्धा रुमालात गुंडाळून ठेवला.

प्रिलिम झाली. थोडं रडले, पास झाले. शुक्रवारी टेरेसवर जायला लागले. बिअरऐवजी आइस्क्रीम खाते आणि कोणी काही विचारत नाही.

गेल्या नोव्हेंबरमध्ये तिचे वडील तेहरानमध्ये वारले. तिला जाता आलं नाही. दफनविधी तिने फोनच्या पडद्यावर पाहिला, आम्ही पाचजण तिच्या खोलीत जमिनीवर बसून होतो. तिचा अभ्यास सूक्ष्म कृमींवर. त्यांना दर दोन-तीन दिवसांनी ताज्या तबकडीवर हलवावं लागतं. गोठेवालीने कागद आणला, मी रविवार मागून घेतला. कृमी हलवायचे मला येत नव्हते. चौथ्या दिवशी तीच प्रयोगशाळेत आली, माझ्याशेजारी स्टूल ओढून बसली आणि तार कशी धरायची ते दाखवायला लागली.

बाबा अजून दर रविवारी फोनवर विचारतात, "किती फिटले?"